किनाऱ्याचा कौल

पर्यटनवाढीविषयी किनाऱ्यावरच्या गावांचे एकच एक मत नसते. महाराष्ट्राच्या 720 किलोमीटर किनाऱ्यावर कोळी, भंडारी, गाबीत, खारवी, दालदी, आगरी, कुणबी असे अनेक समाज पिढ्यान् पिढ्या राहतात. मासळी, माड-पोफळीच्या बागा, भात, आंबा-काजू आणि मुंबईच्या चाकरमान्याने पाठवलेला पैसा यांवर त्यांचा संसार चालत आला. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत त्यात पर्यटनाची भर पडली. एकाच गावातला खोल्या भाड्याने देणारा बागायतदार, रापण ओढणारा मच्छीमार, बंगल्याची राखण करणारा मजूर आणि पाहुण्यांचा स्वयंपाक करणारी बाई या भरीकडे वेगवेगळ्या नजरेने पाहतात. या नजरा कशा घडल्या आणि त्या कशामुळे बदलतात, हे दक्षिण कोकणाच्या, विशेषतः सिंधुदुर्गाच्या उदाहरणावरून स्पष्ट दिसते.

स्वागत कशासाठी झाले

रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन 1 मे 1981 रोजी सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. 1997 मध्ये तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि पुढच्याच वर्षी, जानेवारी 1998 मध्ये, कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. एसटीने रात्रभर घाट उतरून येण्याची जागा रेल्वेने घेतली. मुंबई-पुण्याची, बेळगाव-कोल्हापूरची कुटुंबे मालवण, तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ले, शिरोडा इकडे वळू लागली. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण आणि ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झालेला चिपीचा विमानतळ हे त्याच मालिकेतले पुढचे टप्पे होत.

या बदलाचे स्वागत का झाले, याचे उत्तर जनगणनेत आहे. 2001 ते 2011 या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना सिंधुदुर्गाची लोकसंख्या 8 लाख 69 हजारांवरून 8 लाख 50 हजारांवर आली. रत्नागिरीतही घट झाली. 2011 मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे 1,122, तर सिंधुदुर्गात 1,036 स्त्रिया होत्या. कमावत्या वयाचा पुरुष मुंबईला आणि घर म्हाताऱ्या माणसांच्या व बायकांच्या हाती, असा याचा अर्थ. मासळीचे उत्पन्न बेभरवशाचे होत चालले होते आणि बागायतीला मजूर मिळत नव्हते. अशा वेळी मुलगा गावातच राहून चार पैसे मिळवू शकेल अशी पहिली खरी संधी पर्यटनाने दिली. म्हणूनच पर्यटनावर नाराज असलेल्या गावांतही ते पूर्ण बंद व्हावे असे म्हणणारा माणूस सहसा भेटत नाही. तक्रार असते ती त्याच्या पद्धतीबद्दल.

पैसा कोणाच्या हाती पडतो

सुरुवातीच्या काळात पर्यटनाचे स्वरूप घरगुती होते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या न्याहारी-निवास योजनेमुळे राहत्या घरातल्या दोन-चार खोल्या पाहुण्यांना देता येऊ लागल्या. माडाच्या वाडीतले घर, पंपाचे पाणी, घरच्या बाईच्या हातचे घावन-आंबोळी, माशाचे ताट आणि सोलकढी एवढ्यावर धंदा उभा राहिला. यात भांडवल घरचे होते आणि नफाही घरातच राहिला. तारकर्ली-देवबागच्या पट्टीत पर्यटनाविषयी जे अनुकूल मत आढळते, त्याचा पाया हा आहे.

मात्र या फायद्याची वाटणी सारखी झाली नाही. समुद्राला लागून वाडी असलेल्या कुटुंबाला खोल्या बांधता आल्या. जमीन नसलेल्या किंवा सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावे असलेल्या घराला ते जमले नाही. कोकणातल्या सामायिक जमिनींचा प्रश्न जुना आहे. एक भाऊ गावी, दोन मुंबईत आणि कोणाची वारस नोंद झालेली नाही, अशा स्थितीत बँक कर्ज देत नाही आणि परवानगीही मिळत नाही. त्यामुळे पर्यटनाचा पहिला लाभ ज्यांच्याकडे आधीच काही होते त्यांना झाला. बाकीच्यांच्या वाट्याला नोकरी आली आणि ती बहुधा हंगामी होती.

दिवाळी, नाताळ, जोडून आलेल्या सुट्या आणि मे महिना हे खऱ्या कमाईचे दिवस. मे अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत सिंधुदुर्ग किल्ल्याची प्रवासी होडी वाहतूक आणि जलक्रीडा बंद असतात. 1 जून ते 31 जुलै हा यांत्रिक मासेमारीच्या बंदीचा काळही त्यातच येतो. म्हणजे दोन्ही आधार एकाच वेळी थांबतात. नऊ महिन्यांच्या मिळकतीवर बारा महिने काढायचे आणि खोल्यांच्या कर्जाचे हप्तेही फेडायचे, ही व्यावसायिकांची नेहमीची विवंचना आहे.

स्त्रियांचे मत स्वतंत्रपणे पाहावे लागते. न्याहारी-निवासाचे बहुतेक काम त्यांच्यावर पडते. पहाटेच्या चहापासून रात्री उशिरा येणाऱ्या पाहुण्याच्या ताटापर्यंत त्यांना उसंत नसते. परवाना आणि बँक खाते मात्र अनेकदा पुरुषाच्या नावावर असते. याच्या उलट उदाहरण वेंगुर्ल्यात आहे. तिथे मांडवी खाडीत महिलांच्या बचत गटाने कांदळवनाची होडी सफर सुरू केली. होडी वल्हवणे, झाडांची व पक्ष्यांची माहिती देणे, पैसे घेणे आणि हिशेब ठेवणे ही सगळी कामे बायकाच करतात. उत्पन्न कांदळवन टिकण्यावर अवलंबून असल्याने झाडांची राखणही त्याच करतात. पैसा आणि निर्णय एकाच हातात आले की पर्यटनाविषयीचे मत किती बदलते, हे या छोट्या प्रयोगातून कळते.

एकच पुळण, दोन धंदे

पर्यटन आणि मासेमारी यांचा सर्वांत थेट संघर्ष किनाऱ्याच्या जागेवरून होतो. रापण हा किनाऱ्यावरून जाळे ओढण्याचा जुना प्रकार आहे. होडीतून अर्धवर्तुळात जाळे टाकायचे, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणायचे आणि वीस-पंचवीस माणसांनी मिळून ते ओढायचे. मासळीचे वाटे होतात, म्हणून ती अनेक घरांची सामुदायिक मिळकत असते. या कामाला मोकळी, स्वच्छ आणि अडथळा नसलेली पुळण लागते. त्याच पुळणीवर आता जेट स्की, बनाना राइड, पॅरासेलिंग आणि छत्र्याखुर्च्यांची रांग आली आहे. यंत्रांच्या आवाजाने मासळीचे थवे किनाऱ्यापासून लांब जातात, असे रापणकरांचे म्हणणे आहे. होड्या ओढून ठेवायला, जाळी वाळवायला आणि मासळी सुकवायला जागा उरत नाही, ही तक्रार तर डोळ्यांनी पाहता येते.

मात्र या संघर्षात मच्छीमार एका बाजूला आणि पर्यटन व्यावसायिक दुसऱ्या बाजूला असे सरळ चित्र नाही. मालवणमध्ये सिंधुदुर्ग किल्ल्यावर पर्यटकांना नेणारे होडीवाले, स्नॉर्केलिंग आणि स्कूबा डायव्हिंग करवणारे अनेक तरुण मच्छीमार घरांतलेच आहेत. पर्ससीन जाळ्यांच्या आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीने पारंपरिक मच्छीमाराची मासळी घटली. फेब्रुवारी 2016 मध्ये राज्य शासनाने पर्ससीनवर क्षेत्राची आणि हंगामाची बंधने घातली, तरी अंमलबजावणीबद्दलचा असंतोष संपला नाही. समुद्रात मिळेनासे झाले ते किनाऱ्यावर मिळवण्यासाठी ही मुले पर्यटनात आली. त्यामुळे एकाच घरात बाप रापणीला आणि मुलगा स्कूबाच्या होडीवर असतो. जलक्रीडांवर बंधने आणावीत की नाही, या प्रश्नावर त्या घरातच दोन मते असतात.

मालवणच्या सागरी अभयारण्याने या प्रश्नात आणखी एक पदर जोडला. 1987 मध्ये सुमारे 29 चौरस किलोमीटरचे क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झाले. त्यात किल्ल्याच्या परिसरातील गाभा क्षेत्र 3 चौरस किलोमीटरहून थोडे अधिक आहे. प्रवाळ, समुद्री शेवाळ आणि खडकांतली मासळी यांचे संरक्षण हा हेतू होता. आपल्याशी न बोलता मासेमारीवर बंधने लादली गेली, या भावनेतून स्थानिकांनी त्याला सुरुवातीपासून विरोध केला. पुढे त्याच प्रवाळांवर स्कूबा पर्यटन उभे राहिले. नांगर टाकणाऱ्या होड्या आणि प्रवाळाला हात-पाय लावणारे नवखे पाणबुडे यांच्यामुळेही प्रवाळांची हानी होते. जाळ्याला बंदी आणि पर्यटकाला मुभा, हा कसला न्याय, असा मच्छीमारांचा प्रश्न आहे. संरक्षणाचे नियम दोघांनाही सारखे लागू झाले नाहीत तर गावकऱ्यांचा त्यांवर विश्वास बसत नाही.

सुरक्षिततेचा मुद्दाही गावाच्या मनावर ओझे टाकतो. एप्रिल 2017 मध्ये मालवणजवळ वायरी येथे बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले आठ जण बुडाले. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाची होडी उलटून दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. अशा वेळी सर्वांत आधी पाण्यात उडी घेतो तो स्थानिक मच्छीमार. किनारा शांत दिसला तरी भरती-ओहोटीच्या ओढीची कल्पना बाहेरच्याला नसते आणि गावकऱ्याने अडवले तर ऐकले जात नाही. जीवरक्षक, सूचनाफलक आणि होड्यांची तपासणी या गोष्टी पर्यटकांच्या संख्येच्या मानाने मागे राहिल्या, ही तक्रार व्यावसायिक आणि मच्छीमार दोघेही करतात.

पाणी, सांडपाणी, कचरा

कोकणात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण जांभ्या दगडातून आणि तीव्र उतारावरून तो समुद्राला मिळतो. किनाऱ्यालगतच्या वाळूत गोड्या पाण्याचा थर पातळ असतो. विहिरीतून प्रमाणाबाहेर उपसा झाला की खारे पाणी आत शिरते. पर्यटनाचा भर एप्रिल-मेमध्ये, म्हणजे विहिरी तळाला गेलेल्या असतानाच असतो. कूपनलिका आणि टँकर परवडणारे हॉटेल तग धरते. शेजारच्या घरातल्या विहिरीचे पाणी मचूळ झाले तर त्याची भरपाई कोणी देत नाही. माड-पोफळीच्या बागाही त्याच पाण्यावर जगतात.

सांडपाण्याची स्थिती अशीच आहे. बहुतेक किनारी ग्रामपंचायतींकडे गटारयोजना नाहीत. शोषखड्डे आणि सेप्टिक टाक्या घरापुरत्या बांधलेल्या असतात, शंभर पाहुण्यांसाठी नव्हे. कचऱ्याबाबत तर सर्व थरांतले लोक एकमताने बोलतात. बाटल्या, वेष्टने आणि वाळूतल्या काचा सोमवारी सकाळी गावाला उचलाव्या लागतात. घरपट्टीवर चालणाऱ्या लहान ग्रामपंचायतीला गावाच्या कित्येक पट माणसांचा कचरा उचलणे शक्य नसते. वाळूवर चारचाकी गाड्या घालणे, मद्यपान करून रात्री गोंधळ घालणे, देवळाच्या आवारातले वर्तन यांवरून होणारे वादही याच वर्गात येतात. यात पोलिसांपेक्षा गावाची कुचंबणा जास्त होते, कारण ज्याला बोल लावायचा तोच गिऱ्हाईक असतो.

जमीन आणि परवानगी

मतांमधली सर्वांत तीव्र धार जमिनीच्या प्रश्नावर दिसते. शिरोड्याच्या वेळागरमध्ये पंचतारांकित हॉटेलसाठी नव्वदच्या दशकात जमीन संपादित झाली. वस्ती आणि वाड्या संपादनातून वगळाव्यात, योग्य मोबदला मिळावा, नोकऱ्यांची हमी असावी अशा मागण्यांवरून हा प्रकल्प दशकानुदशके रखडला. मालवण तालुक्यातील वायंगणी-तोंडवळी परिसरात प्रस्तावित सी-वर्ल्ड या पर्यटन प्रकल्पाच्या सुरुवातीच्या आराखड्यात हजार एकरांहून अधिक जमिनीचा विचार होता. ग्रामस्थांचा विरोध झाला आणि पुढे क्षेत्र कमी करण्याचे प्रस्ताव आले. या दोन्ही गावांतल्या विरोधकांना सरसकट पर्यटनविरोधी म्हणणे चूक ठरेल. त्यांचा आक्षेप संपादनाच्या पद्धतीला आणि आकाराला होता.

बाहेरून येणाऱ्या खरेदीदारांचा प्रश्न वेगळा. महाराष्ट्रात कुळकायद्याच्या कलम 63 नुसार बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तरी कोठेतरी शेतकरी म्हणून नोंद असलेला धनिक कोकणात जमीन घेऊ शकतो. अलिबाग तालुक्यात हे फार आधी घडले. मार्च 2020 मध्ये मुंबई-मांडवा रो-रो सेवा सुरू झाली आणि त्या भागाची मुंबईशी जवळीक आणखी वाढली. वर्षाचे बरेच दिवस कुलूपबंद राहणारे बंगले, त्यांची राखण करणारी माणसे आणि गावातल्या तरुणाला घर बांधायला न परवडणारे जागेचे भाव हे तिथले चित्र आहे. जमीन विकून हाती आलेला पैसा संपतो आणि मग त्याच जमिनीवर मजुरीला जावे लागते, हा अनुभव दक्षिणेकडची गावे ऐकून आहेत.

किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेवर स्थानिकांची मते गुंतागुंतीची आहेत. 1991 ची पहिली अधिसूचना, 2011 ची सुधारित आणि 2019 ची नवी असा तिचा प्रवास आहे. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत बांधकामाला मज्जाव होता. 2019 मध्ये दाट लोकवस्तीच्या ग्रामीण भागात, म्हणजे 2011 च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला 2,161 हून अधिक वस्ती असेल तिथे, ही मर्यादा 50 मीटरवर आणली गेली. किनाऱ्यावर तात्पुरत्या पर्यटन सुविधांनाही मुभा मिळाली. जुन्या नियमांमुळे आपले पडके घर दुरुस्त करायलाही अडचण येते, ही मच्छीमाराची जुनी तक्रार होती. सवलत आल्यावर मात्र ती आपल्यापेक्षा हॉटेलवाल्याला जास्त उपयोगी पडेल, ही भीती त्याच्याच मनात उभी राहिली. किनारा व्यवस्थापनाच्या नकाशांत होड्या लावण्याच्या, जाळी वाळवण्याच्या आणि मासळी सुकवण्याच्या जागा नीट दाखवल्या जात नाहीत, हा मच्छीमार संघटनांचा आक्षेप याच भीतीतून आला आहे. नकाशावर नसलेली जागा उद्या मोकळी जागा ठरते आणि मोकळ्या जागेवर हक्क सांगणे कठीण असते.

शेजारचा गोवा

सिंधुदुर्गातल्या कोणत्याही चर्चेत गोव्याचा उल्लेख दोनदा येतो. एकदा आशेने, एकदा धास्तीने. गोव्याचा किनारा 105 किलोमीटरचा, 2011 ची लोकसंख्या 14 लाख 58 हजार. 2024 मध्ये तिथे एक कोटीहून अधिक पर्यटक गेले. साठ-सत्तरच्या दशकांत हणजूण-कळंगुटला हिप्पी आले तेव्हा गावकऱ्यांनी घरातल्या खोल्या दिल्या. ऐंशीच्या दशकात चार्टर विमाने आणि पंचतारांकित हॉटेले आली आणि मत पालटू लागले. पाणी, वीज आणि किनाऱ्याची वाट यांवर हॉटेलांचा ताबा येतो, हा आक्षेप घेऊन 1987 मध्ये जागृत गोंयकारांची फौज ही संघटना उभी राहिली. त्याआधी सत्तरच्या दशकात रापणकारांनी ट्रॉलरविरुद्ध दिलेल्या लढ्याने किनाऱ्यावरच्या हक्काची भाषा गोव्याला दिलेली होती.

पुढे मांडवी नदीतले कॅसिनो, डोंगर कापून होणाऱ्या वसाहती, बदलणारे जमीन आराखडे यांवरून गोव्यात आंदोलने झाली. प्रादेशिक आराखडा 2011 लोकांच्या विरोधामुळे शासनाला मागे घ्यावा लागला. किनाऱ्यावरच्या शॅकचे परवाने गोमंतकीयांसाठी असतात, तरी ते पोटभाड्याने बाहेरच्यांना दिले जातात अशी तक्रार तिथे सतत असते. टॅक्सी व्यावसायिक ॲपवरच्या सेवांना विरोध करतात आणि पर्यटक त्यांच्या दरांना नावे ठेवतात. गोव्यात पर्यटनावर अवलंबून असलेले आणि त्याला वैतागलेले लोक बहुधा एकच असतात. सिंधुदुर्गातला जाणता माणूस गोव्याकडून रस्ते, सेवा आणि विक्रीची हुशारी घ्यायला तयार असतो. किनारा आपल्या हातून जाण्याची शक्यता मात्र त्याला अस्वस्थ करते.

दिवेआगर आणि वेळास

रायगडमधील दिवेआगरला 1997 मध्ये एका बागेत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला आणि सुपारीच्या बागांचे हे शांत गाव पर्यटनस्थळ झाले. घराघरांत खोल्या आणि खानावळी निघाल्या. मार्च 2012 मध्ये मुखवटा चोरीला गेला, गर्दी ओसरली आणि कर्ज काढून बांधलेल्या खोल्या रिकाम्या राहिल्या. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या माड-पोफळी आडव्या केल्या. नवी सुपारी फळाला यायला काही वर्षे लागतात. तोवर आधार होता तो पर्यटनाचाच आणि तोही कोविडमुळे थांबला होता. एकाच आकर्षणावर किंवा एकाच धंद्यावर अख्खे गाव उभे करू नये, हा धडा तिथल्या लोकांनी महागात घेतला.

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातले वेळास वेगळ्या वाटेने गेले. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 पासून इथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले. पूर्वी अंडी चोरीला जात. आता ती कुंपण घातलेल्या जागेत जपली जातात आणि पिल्ले समुद्रात सोडली जातात. ती पाहण्यासाठी 2006 पासून कासव महोत्सव भरतो. पाहुणे गावकऱ्यांच्या घरात राहतात आणि तिथेच साधे जेवण जेवतात. हंगाम छोटा, उत्पन्न माफक आणि गर्दीच्या दिवशी पिल्लांना त्रास होण्याचा धोका आहेच. पण कासव टिकले तर पाहुणा येतो, हे गावाला पटलेले आहे आणि व्यवस्था गावाच्या हातात आहे. म्हणून तिथली नाराजी कमी आहे.

मत कसे बदलते

पर्यटनाच्या अभ्यासात स्थानिकांच्या मतांच्या दोन मांडण्या प्रसिद्ध आहेत. जॉर्ज डॉक्सी यांनी 1975 मध्ये सांगितले की पाहुण्यांविषयीची भावना चार पायऱ्यांनी उतरते. आधी हर्ष, मग उदासीनता, पुढे चीड आणि शेवटी उघड वैर. रिचर्ड बटलर यांनी 1980 मध्ये पर्यटनस्थळाचे जीवनचक्र मांडले. शोध, सहभाग, विकास, दृढीकरण, स्थिरता आणि मग घसरण किंवा नवजीवन, असे त्याचे टप्पे. स्थानिकांचा सहभाग दुसऱ्या टप्प्यात सर्वाधिक असतो आणि बाहेरचे भांडवल येताच तो घटतो, हे बटलर यांचे निरीक्षण कोकणाला चपखल लागू पडते. न्याहारी-निवासाचा काळ हा दुसरा टप्पा होता. आज मालवण-तारकर्ली तिसऱ्यात आहे.

डॉक्सींची शिडी मात्र इथे पुरी पडत नाही, कारण ती गावाला एकच मन असल्याचे गृहीत धरते. कोकणी गावात चारही पायऱ्या एकाच वेळी आढळतात. खोल्यांचा मालक हर्षात, शासकीय नोकरदार उदासीन, विहीर खारावलेली शेजारीण चिडलेली आणि जमीन संपादनात गेलेला बागायतदार वैरात. पाहुण्यांच्या संख्येपेक्षा त्यांच्यामुळे कोणाचे काय मिळाले आणि कोणाचे काय गेले, यावर ही पायरी ठरते. वेळासला गर्दी असूनही चीड कमी आणि वेळागरला हॉटेल उभे राहण्याआधीच वैर, याचा उलगडा यातून होतो.

यावरून काही गोष्टी निश्चित ठरवता येतात. किनारी गावाने दरवर्षी किती पाहुणे, किती खोल्या आणि किती यंत्रहोड्या पेलाव्यात, हे पाण्याच्या आणि कचऱ्याच्या हिशेबाने ठरले पाहिजे. रापणीची पुळण आणि जलक्रीडेची पुळण वेगळी आखून दोन्ही नकाशावर यायला हव्यात. पर्यटकांकडून घेतलेल्या शुल्काचा ठरावीक वाटा ग्रामपंचायतीलाच मिळायला हवा. जमिनीच्या आणि मोठ्या प्रकल्पांच्या प्रश्नावर आधी ग्रामसभा आणि मग अधिसूचना, हा क्रम पाळला जायला हवा. सामायिक सातबाऱ्यांची फोड सोपी झाली तर छोट्या घरालाही धंद्यात उतरता येईल. किनाऱ्यावरच्या माणसाने पर्यटनाला नकार दिलेला नाही. निर्णयात आणि नफ्यात त्याचा वाटा किती, यावर त्याचा होकार टिकून आहे. तो वाटा देण्याचे काम शासनाचे आणि व्यावसायिकांचे आहे, आणि ते न झाल्यास होणाऱ्या विरोधाचे खापर गावकऱ्यांवर फोडता येणार नाही.